पत्राच्या तळाशी राहणाऱ्या 'अनसबस्क्राइब'चे गाऱ्हाणे

मी एक जुना दुवा आहे, मित्रांनो. संगणकाच्या व्यवहारात ज्याला लिंक म्हणतात, तोच मी. माझे नाव 'अनसबस्क्राइब'. हे नाव उच्चारताना तुमची जीभ अडखळते, हे मला ठाऊक आहे. अडखळत का होईना, एकदा उच्चारून पाहा. कारण आजवर ज्यांनी माझ्याविषयी मते दिली, त्यांतील बहुतेकांनी तेवढीही तसदी घेतलेली नाही.

तुमच्या घरातील मोठ्या माणसांच्या ई-मेलमध्ये दुकानांची, शिकवणी वर्गांची, चपला विकणाऱ्यांची पत्रे येतात. अशा प्रत्येक पत्राच्या अगदी तळाशी, दुकानाच्या पत्त्याच्याही खाली, बारीक अक्षरांत मी बसलेला असतो. पत्रे नकोशी झाली तर मला दाबायचे. मी पाठवणाऱ्याला कळवतो की, 'यांना यापुढे पत्र नको', आणि विषय संपतो. माझे काम एवढेच. यात न समजण्यासारखे काय आहे, हे मात्र मला पुष्कळ विचार करूनही समजलेले नाही.

ई-मेल नवे होते, तेव्हा ज्याच्या हाती तुमचा पत्ता लागे तो तुम्हाला जाहिराती धाडत सुटे. थांबवण्याचा उपाय नव्हता. लोक त्रासले, तक्रारी झाल्या, देशोदेशी नियम झाले आणि ठरले की, जाहिरातीचे पत्र धाडणाऱ्याने त्याच पत्रात बाहेर पडण्याची वाटही दाखवली पाहिजे. ती वाट म्हणजे मी. माझा जन्म असा लोकांच्या वैतागातून झालेला आहे. तेव्हा माझ्या बोलण्यात वैताग आढळला, तर तो आनुवंशिक समजावा.

माझे भाऊबंद जगभर आहेत. मी बोलतो आहे तो मात्र कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्याचा. तेथे जनकाबाई नावाच्या बाईंचे हळद-मिरचीचे कांडप आहे. उन्हाळ्यात हळद शिजते, वाळते, पॉलिश होऊन पिवळी धमक हळकुंडे पोत्यांत येतात आणि मग त्यांची पूड करून जनकाबाई पाकिटे भरतात. त्यांची मुलगी साक्षी नांदेडला शिकली. तिने इंटरनेटवर कांडपाचे एक पान तयार केले आणि त्यावर एक चौकट ठेवली : 'आमचे पत्र हवे असल्यास येथे आपला ई-मेल लिहा.'

येथे क्षणभर थांबा. त्या चौकटीत जो स्वतः होऊन आपला पत्ता लिहितो, त्याने सबस्क्राइब केले असे म्हणतात. स्वखुशीने दिलेल्या या होकारालाच या धंद्यात ऑप्ट-इन असे नाव आहे, आणि अशा होकार दिलेल्या लोकांच्या पत्त्यांची यादी म्हणजे मेलिंग लिस्ट. होकार आधी, यादी नंतर. हा क्रम पाठ करून ठेवा. पुढे जे काही बिघडले, ते हाच क्रम उलटा केल्यामुळे बिघडले.

ती पहिली वर्षे चांगली होती. महिन्याला एक पत्र जाई. जनकाबाई चाळणी हलवता हलवता मजकूर सांगत आणि साक्षी टंकत असे.

"लिही, औंदा हळकुंड बारीक हाय, पर रंग जब्बर उतरला."

"आई, जाहिरातीत कोणी 'बारीक हाय' म्हणून सांगत असतं का?"

"मंग घेणारा पाकीट फोडून बघंल तवा काय सांगशील? लिही बारीक."

अशा पत्राखाली बसताना मला अभिमान वाटे. तेव्हा मी ठळक काळ्या अक्षरांत होतो आणि मराठीत होतो : 'पत्र नको असल्यास येथे दाबा.' एकदा साखऱ्याच्या गोपीचंद गुरुजींनी मला दाबले. ते मुलाकडे परदेशी राहायला निघाले होते. साक्षीने ते नाव वाचून दाखवले, तेव्हा जनकाबाई म्हणाल्या, "गेले व्हय गुरुजी? बरं झालं, सांगून गेले." मित्रांनो, माझ्यासारख्याच्या आयुष्यात कौतुक म्हणजे एवढेच असते. मी ते जपून ठेवले आहे.

मग अनिरुद्ध आला.

अनिरुद्ध हिंगोलीचा, साक्षीच्या वर्गातला. मोबाइलच्या दुकानाच्या वरच्या खोलीत त्याने डिजिटल मार्केटिंगचे कार्यालय थाटले होते. तो मनाने वाईट नव्हता. वाईट असता तर मला त्याच्यावर रागावणे सोपे गेले असते. त्याला शब्द सगळे येत होते. अर्थ मात्र अर्धेच येत होते, आणि अर्धा अर्थ हा अज्ञानाहून अधिक घातक असतो, असे माझे ठाम मत आहे.

"काकू, तुमची लिस्टच छोटी आहे. रीच नाही," तो म्हणाला.

"रीच म्हंजे?"

"किती लोकांपर्यंत पोचता ते. बाकी ओपन रेट झकास आहे तुमचा. म्हणजे शंभर जणांना पत्र पाठवलं, तर त्यातल्या किती जणांनी उघडलं, ते."

"उघडलं म्हंजे वाचलं?"

"तसंच धरायचं, काकू."

तसे धरायचे नसते, मित्रांनो! पत्रात डोळ्यांना न दिसणारे एक इवलेसे चित्र दडवलेले असते. ते चित्र फोनवर उतरले की पत्र उघडले अशी नोंद होते. काही फोन तर मालक झोपलेला असतानाही ती चित्रे आपणहून उतरवून ठेवतात. तेव्हा ओपन रेट हा एक अंदाज आहे. कोणी पत्रातल्या दुव्यावर बोट ठेवून पुढच्या पानावर गेले, तर त्याला क्लिक म्हणतात. त्यावर थोडा विश्वास ठेवता येतो. पण अंदाजालाच पुरावा मानणाऱ्यांशी वाद कसा घालावा? मला तर तोंडही नाही.

यादी वाढवण्यासाठी अनिरुद्धने कळमनुरी भागातून पुण्याला गेलेल्या लोकांच्या एका मित्रमंडळाचे सगळे ई-मेल पत्ते मिळवून आणले.

साक्षी जरा घुटमळली. "पण त्यांनी मागितलं नाही ना आपलं पत्र."

यावर उत्तर अनिरुद्धने दिले नाही, जनकाबाईंनी दिले. "मागायचं काय त्यात? आपलीच माणसं हाईत. निम्म्यांच्या लग्नात मी पोळ्या लाटल्यात. ओळखीच्या घरी जायला इचारावं लागतं व्हय?"

जनकाबाईंचे हे म्हणणे त्यांच्या गावापुरते अगदी खरे आहे, हे मी मान्य करतो. डोंगरकड्यात ओळखीच्या दारी कोणी परवानगी मागून जात नाही, आणि मागितली तर घरच्यांनाच राग येतो. परंतु जनकाबाई दारी गेल्या, तर त्या पाणी पितात, लेकराच्या डोक्यावरून हात फिरवतात, घरात घाई दिसली तर उठतात. पत्राला यातले काहीही करता येत नाही. पत्र नुसते येते, आणि पुन्हा येते. ओळखीलाच होकार मानण्याची ही चूक इतकी साधी आणि इतकी प्रेमळ होती की, तिला चूक म्हणायला कोणी धजले नाही.

पुढे अनिरुद्धचे लक्ष माझ्याकडे गेले. "अन् खाली हे एवढं मोठं कशाला? लोकांना तुम्ही 'जा' म्हणून सांगून राहिलात का, काकू?"

"व्हय रे," जनकाबाईंना ते पटले. "या म्हणायचं अन् दार दाखवायचं. बरं न्हाई दिसत."

झाले! माझी अक्षरे बारीक झाली. काळ्याचा राखाडी झालो, मराठीचा इंग्रजी झालो. पांढऱ्यावर फिकट राखाडी. मलाच मी दिसेनासा झालो. माझ्या वरच्या बाजूला मात्र एक ढबू पिवळे बटण आले : 'आत्ताच घ्या!' वाचणाऱ्याकडून जे काम करून घ्यायचे, ते सांगणाऱ्या बटणाला कॉल टू ॲक्शन म्हणतात. ते माझ्याशी कधी बोलले नाही.

पत्रे रोज जाऊ लागली. पत्र उघडण्यापूर्वी जी एक ओळ दिसते, तिला सब्जेक्ट लाइन म्हणतात. आत काय आहे ते प्रामाणिकपणे सांगणे हे त्या ओळीचे काम. अनिरुद्धने तिला तमाशाच्या दारात उभे केले. 'शेवटची संधी!' असे एक दिवस. 'ही खरोखर शेवटची संधी!' असे दुसऱ्या दिवशी. पुढे तर तो अधूनमधून लिहू लागला, 'जनकाबाई रडत आहेत, कारण तुम्ही हळद घेतली नाही!' हे पत्र पहिल्यांदा गेले तेव्हा जनकाबाई रडत नव्हत्या. त्या मिरचीचे देठ खुडत होत्या आणि सखुबाईशी कशावरून तरी मनसोक्त भांडत होत्या.

सखुबाई म्हणजे कांडपावर काम करणारी बाई. पावसाळ्यात कांडप थंडावले की ती दरवर्षी नांदेडला बांधकामावर जाई आणि सेवा नावाच्या लहान लेकीलाही सोबत नेई. त्यामुळे सेवाची शाळा जूनमध्ये सुरू होण्याआधीच मोडे. यंदा मात्र एक आशा निर्माण झाली होती. पुण्यात एका संस्थेची विद्यार्थी वसतिगृहे आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरांची खरेदी पाहणाऱ्या जाई नावाच्या बाईंनी जनकाबाईंची हळद कोणाकडे तरी चाखली होती. त्यांनी कळवले की, पावसाळाभर सगळ्या वसतिगृहांना हळद-मिरची हवी आहे, मेअखेरीच्या आत ई-मेलने दर कळवा.

"हे काम आलं ना सखू," जनकाबाई म्हणाल्या, "तर पावसाळ्यात कांडप बंद पडायचं न्हाई. तू हितंच ऱ्हा."

"मंग सेवाचं नाव हितल्याच शाळेत राहू दिऊ का?"

"राहू दे."

मित्रांनो, हे दोन शब्द ध्यानात ठेवा. एका मुलीची शाळा आता एका ई-मेलच्या पोहोचण्यावर टांगलेली होती. आता मी तुम्हाला पुण्यातल्या एका स्वयंपाकघरात नेतो. कारण जेथे पत्र उघडे असते तेथे तेथे मी असतोच.

राधाकृष्णराव कळमनुरीच्या बँकेत पुष्कळ वर्षे होते. निवृत्तीनंतर ते आणि त्यांच्या पत्नी प्रेमाबाई पुण्याला स्थायिक झाले. जनकाबाईंशी त्यांचा जुना घरोबा, आणि घरात हळद आजही त्यांचीच. मित्रमंडळाच्या यादीतून त्यांचा पत्ता आलेला. सकाळी चहाच्या वेळी त्यांचा फोन वाजला.

"जनकाबाई आज पुन्हा रडल्या," राधाकृष्णराव म्हणाले.

"काल काय होतं?"

"काल शेवटची संधी होती. परवाही शेवटचीच होती."

"मग बंद करून टाका की ते. खाली काहीतरी असतं म्हणतात."

राधाकृष्णरावांनी चष्मा पुसला, पत्र सरकवत सरकवत तळापर्यंत आले आणि त्यांनी मला शोधून काढले. मला! राखाडीवर पडलेले ते बोट पाहून मला इतके भरून आले की सांगता येत नाही.

"थांबा हो!" प्रेमाबाई ओरडल्या. "तिकडं कळेल ना त्यांना! साक्षी सगळं बघत असते. आपण नाव काढलं म्हणून समजलं तर? मे महिन्यात लग्नाला कळमनुरीला जायचंय. कोणत्या तोंडानं हळद मागू मी?"

"मग रोज असंच रडवत बसायचं का त्या बाईला?"

"द्या इकडं. हे वरचं बघा, 'स्पॅम' लिहिलंय ते. शेजारच्या बाईंनी दाखवलं मला. हे दाबलं की पत्र डोळ्यापुढून जातं अन् कुणाला काही कळत पण नाही."

आणि त्यांनी ते दाबले.

माझ्या संतापाचे मूळ येथे आहे, म्हणून हे स्पॅमचे प्रकरण नीट समजून घ्या. न मागता, घुसखोरी करून आलेल्या पत्राला स्पॅम म्हणतात. ते बटण म्हणजे तुमच्या बाजूचा पडदा नव्हे. ते दाबणे म्हणजे ई-मेल पोहोचवणाऱ्या व्यवस्थेकडे केलेली रीतसर फिर्याद आहे : 'हा पाठवणारा उपद्रवी आहे.' फिर्याद कोणी केली, हे जनकाबाईंना कळत नाही, एवढे प्रेमाबाईंचे म्हणणे खरे. परंतु ती व्यवस्था विसरत नाही. पाठवणाऱ्या प्रत्येकाची पत ती मोजत असते. ही पत म्हणजेच सेंडर रेप्युटेशन. फिर्यादी वाढल्या की पत घसरते, आणि पत घसरली की त्या पाठवणाऱ्याची पत्रे ती सरसकट स्पॅमच्या कप्प्यात टाकू लागते. ज्यांना ती हवी आहेत, त्यांचीसुद्धा!

मला दाबले असते तर यातले काहीही झाले नसते. एक नाव यादीतून गेले असते आणि पत जशीच्या तशी राहिली असती. परंतु मला दाबणे हे तोंडावर 'नको' म्हणण्यासारखे, आणि आपल्याकडे ओळखीच्या माणसाला तोंडावर 'नको' म्हणण्यापेक्षा त्याच्या पाठीमागे फिर्याद करणे अधिक सभ्यपणाचे समजतात. या सभ्यपणाला भीड म्हणतात. ती एकट्या प्रेमाबाईंना नव्हती. मित्रमंडळाच्या घराघरांत तीच भीड होती, आणि घराघरांत बोट त्याच बटणावर गेले.

इकडे अनिरुद्धने आकडे पाहिले आणि टाळी वाजवली. "काकू, एकानेही अनसबस्क्राइब केलं नाही! लोकांना लई आवडून राहिलं."

काही पत्रे पत्ता चुकीचा किंवा बंद पडलेला म्हणून परत येत होती. या परत येण्याला बाऊन्स म्हणतात, आणि शहाणा माणूस असे पत्ते तत्काळ यादीतून काढतो, कारण त्यांच्यामुळेही पत घसरते. अनिरुद्ध म्हणाला, "थोडेफार जातातच वाया." मी काय करणार? मला कोणी विचारत नव्हते.

मेच्या मध्यावर साक्षीने जाईबाईंना दर कळवले. ते पत्र तिने जाहिरातीची पत्रे धाडण्याच्या त्याच सोयीतून धाडले, म्हणून माझी एक प्रत त्याच्याही तळाशी होती. पुण्याला पोहोचताच आम्हा दोघांना स्पॅमच्या कप्प्यात टाकण्यात आले. आजूबाजूला लॉटरीची आणि टक्कल घालवण्याच्या तेलाची पत्रे होती. त्यांत जनकाबाईंची हळद.

दिवस गेले. उत्तर आले नाही.

"फोन करून विचारू का?" साक्षीने म्हटले.

"काहून? हे बघ, डिलिव्हर्ड दाखवून राहिलं," अनिरुद्धने पडदा तिच्याकडे वळवला. "डिलिव्हर्ड म्हणजे पोचलं. फोन केला की माणूस गरजू दिसतो."

"बराबर हाय," जनकाबाई म्हणाल्या. "त्यांनी इचारलं, आपुन सांगितलं. आता मागं मागं फिरायचं न्हाई."

डिलिव्हर्ड म्हणजे समोरच्याच्या ई-मेल व्यवस्थेने पत्र स्वीकारले, एवढेच! ते समोर ठेवले की अडगळीत टाकले, हे त्या शब्दातून कळत नाही. एक साधा शब्द. पण त्याचा अर्थ पाहण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. मी तळाशी नुसता जळत होतो.

मेच्या अखेरीस कळमनुरीचे लग्न आटोपून राधाकृष्णराव आणि प्रेमाबाई डोंगरकड्याला हळद न्यायला आले. जनकाबाईंनी हात पुसत खुर्च्या पुढे केल्या. साक्षी होतीच, सखुबाई कोपऱ्यात पूड चाळत बसली होती.

"वहिनी, पत्र येत्यात ना आमची?"

"येतात की! रोज वाचतो आम्ही," प्रेमाबाई म्हणाल्या.

"मंग काल काय लिहिलं व्हतं?"

"काल ते... हळदीचंच होतं ना."

"हळदीचंच असतंय वहिनी. मी काय सोनं इकून राहिले?"

सगळे हसले. साक्षी म्हणाली, "काकू, जरा फोन दाखवता? लहान पडद्यावर पत्र कसं दिसतं ते बघायचंय मला."

राधाकृष्णरावांचा फोन प्रेमाबाईंच्या पर्समध्ये होता; त्यांनी ती छातीशी धरली. परंतु राधाकृष्णराव सरळ माणूस. "अगं, दे की. साक्षी, वर नाही सापडायचं, त्या स्पॅममध्ये बघ."

साक्षीने तो कप्पा उघडला. आम्ही सगळे तेथे होतो. एकाखाली एक, रडणाऱ्या जनकाबाई आणि शेवटच्या संधी. तिने प्रेमाबाईंकडे पाहिले नाही. तिने आधी स्वतःचा फोन काढला आणि जाईबाईंना लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"तुमचे दर आलेच नाहीत हो," जाईबाई म्हणाल्या. "मी वाट पाहिली. काल दुसऱ्यांशी करार झाला."

"मॅडम, एकदा स्पॅममध्ये बघता का?"

पलीकडे कळफलकाची टकटक झाली. मग जाईबाईंचा आवाज खाली आला. "आहे. इथे आहे. अहो, तुमचेच दर बरे होते. पण आता सह्या झाल्या. पुढच्या वर्षी नक्की पाठवा, आणि फोनही करा."

साक्षीने फोन ठेवला. चाळणीचा आवाज थांबला होता.

"मंग मी जाऊ का नांदेडला?" सखुबाईने विचारले.

प्रेमाबाईंना अजून काही उमगले नव्हते. साक्षीने त्यांना सगळे समजावून सांगितले, एका बोटाने काय होते आणि पुष्कळ बोटांनी काय होते ते.

"काहून पर वहिनी?" जनकाबाई म्हणाल्या. "नको व्हतं तर सांगायचं."

"कसं सांगू, जनकाबाई? इतक्या वर्षांचं येणं-जाणं. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाईट वाटू ने म्हून हे केलं व्हय?" सखुबाई कोपऱ्यातून म्हणाली. "त्यापरीस तोंडावर शिवी दिली असती तर बरं झालं असतं, बाई."

राधाकृष्णराव खाकरले. "चुकलं आमचं. पण मी एक विचारतो, रोज रोज धाडायचंच कशाला? आम्ही मागितलं होतं का?"

जनकाबाई म्हणाल्या, "बराबर हाय साहेब. मागितलं नव्हतं."

प्रेमाबाईंचे डोळे भरले. "आम्ही यंदा जास्त हळद नेतो, जनकाबाई. द्या दहा किलो."

"तुमच्या भाजीत मावंल तेवढीच न्या. दहा किलोनं सखू थांबणार हाय का?" मग त्यांनी साक्षीच्या हातातला पाहुण्यांचा फोन घेतला आणि प्रेमाबाईंपुढे धरला. "एक करा. ते खालचं बटण दाबा. माझ्यासमोर."

"आता? तुमच्यादेखत?"

"आताच."

प्रेमाबाईंचा अंगठा माझ्यावर आला आणि तेथेच अडला. मित्रांनो, त्या अंगठ्याचे ओझे मी कधी विसरणार नाही. फिर्याद करताना तो इतका हलका होता!

"दाबा की वहिनी. मी काय खाऊन टाकून राहिले तुमाला?"

त्यांनी दाबले. मागोमाग माझी सवयीची पाटी उमटली : 'आपण का जात आहात?' खाली कारणे होती. पत्रे फार येतात. विषय आवडत नाही. मी हे मागितले नव्हते.

"आता हे कारण विचारतंय," प्रेमाबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या.

"मंग खरं ते सांगा."

प्रेमाबाईंनी शेवटचे कारण निवडले. जनकाबाईंनी फोन परत दिला, उठून चहा टाकला आणि प्रेमाबाईंना पहिला कप दिला. प्रेमाबाई यादीतून गेल्या. त्या घरातून गेल्या नाहीत. इतकी साधी गोष्ट पाहण्यासाठी मला एवढे आयुष्य घालवावे लागले.

त्याच आठवड्यात साक्षीने मित्रमंडळाचे सगळे पत्ते काढून टाकले आणि मला पुन्हा काळे केले. अनिरुद्ध कळवळला, "काकू, लिस्ट अर्धी झाली!"

"अर्धी झाली न्हाई," जनकाबाई म्हणाल्या. "व्हती तेवढी ऱ्हायली."

पत हळूहळू सुधारते आहे. ती घसरायला सकाळचा एक चहा पुरतो; चढायला ऋतू लागतात. वसतिगृहांचे काम पुढच्या वर्षी येईल किंवा येणार नाही.

तेव्हा मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, पत्रे धाडाल आणि पत्रे मिळवाल. धाडाल तेव्हा आधी विचारा. ओळख कितीही जुनी असो, विचारा. बाहेरची वाट ठळक ठेवा. आणि तुम्हाला कोणाचे पत्र नकोसे झाले, तर भीड बाळगू नका. मला शोधा आणि स्वच्छ मनाने दाबा. अनोळखी भामट्यासाठी स्पॅमचे बटण आहे, ते तेथे खुशाल वापरा. आपल्या माणसाला मात्र 'नको' हा शब्द त्याच्या तोंडावर देण्याचे धैर्य धरा. तो शब्द त्याला बोचेल, पण तो त्याच्याकडेच जाईल; तुमचे मौन भलत्याच्या दारी जाते.

शाळा उघडायच्या आत सखुबाईने सेवाचा दाखला काढला आणि लेकीला घेऊन नांदेडच्या गाडीत बसली. तिच्याकडे ई-मेल नाही. तिने आयुष्यात यांतले एकही बटण दाबलेले नाही.